सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बाळाला पुरेसे उष्मांक कसे द्यावेत

सिस्टिक फायब्रोसिस असलेली पुष्कळ बाळे भरपूर दूध पितात, थोड्याच वेळात पुन्हा भुकेने रडू लागतात आणि तरीही त्यांचे वजन वाढत नाही. अशा वेळी ‘बाळाला आणखी पाजा’ हा सल्ला सगळीकडून मिळतो, परंतु तो अपुरा आहे. या आजारात उष्मांक वाढवण्याचे काम क्रमाने करावे लागते. पोटात गेलेले अन्न आधी पचले पाहिजे, शरीरातले मीठ पुरेसे राहिले पाहिजे, आणि मगच दुधातले व वरच्या आहारातले उष्मांक वाढवायला घ्यावेत. पहिल्या दोन गोष्टी तशाच ठेवून नुसते दूध दाट केले, तर वाढवलेली स्निग्धता शीवाटे निघून जाते, बाळाचे पोट फुगते आणि वजन जिथल्या तिथे राहते. पुढे दिलेली मात्रांची माहिती पालकांना डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याशी नेमकेपणाने बोलता यावे म्हणून आहे. प्रत्येक बाळाची मात्रा त्याचे उपचार करणाऱ्यांनीच ठरवायची असते.

या आजाराचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकात आहे. हे जनुक बिघडले की पेशींतून क्षार आणि पाणी यांची ये-जा नीट होत नाही आणि शरीरातले स्राव घट्ट व चिकट होतात. स्वादुपिंडातून आतड्याकडे पाचकरस नेणाऱ्या बारीक नलिका या घट्ट स्रावाने तुंबतात, आणि बहुसंख्य बाळांमध्ये हे जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांतच घडते. पाचकरसातले लायपेज हे एन्झाइम आतड्यात पोहोचले नाही की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. आईच्या दुधातले जवळजवळ निम्मे उष्मांक स्निग्धांशातून येत असल्याने बाळाचे केवढे नुकसान होत असेल, ते यावरून लक्षात येईल. त्यात फुप्फुसांतल्या घट्ट स्रावामुळे श्वास घेण्याला लागणारे जास्तीचे श्रम आणि वरचेवर होणारे संसर्ग यांचा खर्च मिळवला, तर या बाळांची उष्मांकांची गरज त्याच वयाच्या निरोगी बाळापेक्षा जास्त का असते हे कळते. ती 110 पासून 200 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणूनच एका बाळाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

स्निग्धता पचत नाही तर ती देऊच नये, असा विचार कुणाच्याही मनात येईल, आणि वैद्यकशास्त्रानेही अनेक दशके तोच केला. अमेरिकी डॉक्टर डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केल्यानंतर रुग्णांना दीर्घकाळ कमी स्निग्धतेचा आहार दिला जात असे. कॅनडातील टोरंटोच्या उपचार केंद्राने मात्र 1970च्या दशकात भरपूर स्निग्धता आणि तिच्या जोडीला भरपूर एन्झाइम असा उलटा मार्ग धरला. टोरंटो आणि कमी स्निग्धतेचा आहार देणारे अमेरिकेतील बोस्टन येथील रुग्णांची तुलना 1988 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आयुर्मानाचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगतात ते वय) बोस्टनमध्ये 21 वर्षे आणि टोरंटोमध्ये 30 वर्षे असल्याचे दिसले. टोरंटोचे रुग्ण उंचीनेही अधिक होते. आहारात तेल-लोणी वाढवण्याचा आजचा सल्ला या अनुभवातून आलेला आहे. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘एवढे तेलकट बाळाला कशाला’ असे विचारले, तर त्यांना हे नीट समजावून सांगावे.

एन्झाइम देण्याची रीत

स्वादुपिंडाचे काम किती मंदावले आहे हे शीतील इलास्टेज (स्वादुपिंडात तयार होणारे एक एन्झाइम) मोजून कळते. एन्झाइमची गरज निश्चित झाली की ती प्रत्येक दुधाबरोबर आणि स्निग्धता किंवा प्रथिने असलेल्या प्रत्येक खाण्याबरोबर द्यावी लागतात, रात्रीच्या पाजण्यालाही. नुसते पाणी, जलसंजीवनी किंवा साधे फळ यांना सहसा ती लागत नाहीत. एक वर्षाखालील बाळाला साधारणपणे दर 120 मिलिलिटर दुधामागे किंवा एका वेळच्या स्तनपानामागे 2000 ते 4000 एकके लायपेज, इथून सुरुवात केली जाते.

ही एन्झाइम कॅप्सूलमधून मिळतात. कॅप्सूल उघडली की आत बारीक मणी दिसतात. या प्रत्येक मण्यावर एक आवरण असते, जे जठरातल्या आम्लात टिकते आणि पुढे आतड्यात, आम्लता कमी झाल्यावर विरघळते. हे एकदा समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मणी दुधात किंवा बाटलीत टाकायचे नाहीत, कारण दुधाची आम्लता कमी असल्याने आवरण तिथेच विरघळते आणि एन्झाइम जठरात जाऊन निकामी होतात. मणी कुटायचे नाहीत आणि गरम पदार्थात मिसळायचे नाहीत. त्यांना आंबटसर, मऊ आणि थंड असे काही हवे असते, आणि सफरचंदाचा शिजवून गाळलेला गर त्यासाठी सर्वांत सोयीचा ठरतो. अगदी लहान बाळासाठीही चमच्याच्या टोकावर मावेल एवढा गर पुरतो.

पाजायला घेण्याच्या आधी गर चमच्यावर घ्यावा, त्यावर मणी टाकावेत, बाळाला थोडे उभे धरून चमचा जिभेच्या मध्यावर ठेवावा आणि लगेच दूध पाजायला सुरुवात करावी. पहिल्या काही दिवसांत बाळ जिभेने सगळे बाहेर ढकलते. तेव्हा हनुवटीवर आलेला गर चमच्याने गोळा करून पुन्हा तोंडात द्यावा. मणी गरात मिसळून ठेवून देऊ नयेत, दर वेळी ताजेच मिसळावेत. पाजून झाल्यावर स्वच्छ बोट बाळाच्या हिरड्यांवरून आणि गालांच्या आतून फिरवून एखादा मणी अडकलेला नाही ना, हे पाहावे. राहिलेला मणी तोंडात फुटला तर तिथली नाजूक त्वचा सोलवटते. स्तनाग्रांनाही याच कारणाने चुरचुर होऊ शकते, म्हणून आईने पाजल्यानंतर ती ओल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यावीत. बाळाच्या ढुंगणाजवळची त्वचा लाल होत असेल तर लंगोट बदलताना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि वारंवार असे होत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे.

एन्झाइमचा परिणाम साधारण तासभर टिकतो. बाळ अर्ध्या तासाहून जास्त वेळ रेंगाळत पीत असेल, तर मात्रा दोन भागांत विभागावी का, हे विचारून घ्यावे. सध्या प्रचलित असलेली ही औषधे डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार होतात. ज्या कुटुंबांना धर्माच्या किंवा आहाराच्या दृष्टीने ही अडचण वाटते, त्यांनी ती मनात न ठेवता डॉक्टरांशी बोलावे. औषध परस्पर बंद केल्याने बाळाचे जे नुकसान होते ते भरून काढणे फार अवघड असते.

मात्रा कमी पडते आहे हे ओळखण्यासाठी शीकडे पाहण्यासारखा दुसरा उपाय नाही. शी फिकट, तेलकट, चिकट, उग्र वासाची आणि प्रमाणाने जास्त असेल, पोट फुगत असेल, वारंवार वायू सरत असेल आणि बाळ सतत भुकेले असेल, तर अन्न अंगी लागत नाही असे समजावे. तरीही मात्रा आपण होऊन वाढवू नये. एका वेळी वजनाच्या दर किलोमागे 2500 एकके आणि दिवसभरात दर किलोमागे 10,000 एकके लायपेज ही वरची मर्यादा मानली जाते, कारण अतिमात्रेने मोठे आतडे आक्रसण्याचा गंभीर विकार झालेला आढळला आहे. बाळाच्या बाबतीत दिवसाची मर्यादा आधी आड येते: पाच किलोच्या बाळासाठी ती 50,000 एकके होते, आणि दिवसातून आठ वेळा पिणाऱ्या बाळाला प्रत्येक वेळी 12,500 एकके दिली तर ती दुपटीने ओलांडली जाते.

एन्झाइमबरोबरच अ, ड, ई आणि के ही स्निग्धतेत विरघळणारी जीवनसत्त्वेही द्यावी लागतात. ती दुधाबरोबर आणि एन्झाइमबरोबरच द्यावीत; रिकाम्या पोटी दिलेली जीवनसत्त्वे पुरेशी शोषली जात नाहीत.

मीठ

या बाळांच्या घामात मीठ फार जाते. आईचे दूध आणि बाळांसाठीचे फॉर्म्युला दूध या दोहोंमध्ये सोडियम कमी असते, त्यामुळे झीज आपोआप भरून निघत नाही. शरीरात सोडियम कमी पडले तर उष्मांक पुरेसे मिळूनही वाढ खुंटते. शिवाय बाळ मलूल होते, दूध नाकारते, उलट्या करते. अमेरिकेतील मार्गदर्शनानुसार निदान झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाला चहाच्या चमच्याचा आठवा भाग आणि सहा महिन्यांनंतर पाव चमचा साधे मीठ दिले जाते. इतरत्र ठराविक तीव्रतेचे मिठाचे द्रावण लिहून दिले जाते. हे मीठ मोजूनच घ्यावे आणि दिवसभराच्या पाजण्यांमध्ये विभागून द्यावे. चिमटीच्या अंदाजाने किंवा एकाच वेळी दिलेले मीठ बाळासाठी धोकादायक ठरू शकते. उन्हाळा, ताप किंवा जुलाब असताना मीठ किती वाढवायचे हे आधीच विचारून लिहून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

दुधातले उष्मांक वाढवणे

आईचे दूध या बाळांसाठी उत्तमच असते, आणि निदान झाले म्हणून ते थांबवण्याचे काहीही कारण नाही. नेहमीच्या फॉर्म्युला दुधाऐवजी आधीच पचवलेल्या प्रथिनांचे महागडे दूधही सरसकट लागत नाही. आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गाईच्या दुधाची अॅलर्जी असेल, तर डॉक्टर ते सुचवतात.

आईच्या आणि फॉर्म्युला दुधात 100 मिलिलिटरमागे साधारण 67 किलोकॅलरी असतात. पाच किलोचे बाळ दिवसाला 750 मिलिलिटर दूध पीत असेल, तर त्याला सुमारे 500 किलोकॅलरी मिळतात. तेच दूध 80 किलोकॅलरीचे केले तर 600 आणि 90 किलोकॅलरीचे केले तर 675 किलोकॅलरी मिळतात. बाळाच्या पोटात एक थेंबही जास्त न जाता जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने भर पडते. लहानशा जठराच्या बाळासाठी हाच मार्ग व्यवहार्य आहे, कारण दुधाचे प्रमाण ताणत नेले की ते उलटून पडते.

हे साधण्याच्या पद्धती दोन आहेत. फॉर्म्युला दुधात ठरवून दिल्याप्रमाणे पाण्याचे प्रमाण कमी ठेवले, किंवा काढून ठेवलेल्या आईच्या दुधात मोजून पावडर मिसळली, तर उष्मांकांबरोबर प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वेही वाढतात. दुसऱ्या पद्धतीत तेलाचे किंवा पिष्टमय पदार्थाचे तयार पूरक दुधात घालतात. त्याने उष्मांक वाढतात, परंतु एकूण उष्मांकांतला प्रथिनांचा वाटा घटतो. बाळाला नुसती चरबी नव्हे, तर लांबी आणि स्नायूही वाढवायचे असल्याने पहिली पद्धत आधी वापरून पाहणे मला अधिक योग्य वाटते. कोणत्याही पद्धतीचे प्रमाण आहारतज्ज्ञाने लिहून दिलेलेच असावे. अंदाजाने जास्त चमचे पावडर घातली तर मूत्रपिंडांवर ताण येतो, शरीरातले पाणी कमी होते आणि जुलाब लागू शकतात. पावडरचा चमचा प्रत्येक डब्यातला वेगळ्या मापाचा असतो, म्हणून डबा बदलला की जुने प्रमाण चालत नाही.

दुधातले उष्मांक टप्प्याटप्प्याने वाढवावेत. दोन-तीन दिवस 80 किलोकॅलरीवर राहून शी, उलट्या आणि भूक यांकडे पाहावे, आणि सगळे ठीक असेल तरच पुढे जावे. दुधातली स्निग्धता वाढली की एन्झाइमची मात्राही पुन्हा पाहावी लागते. हा मुद्दा अनेकदा निसटतो, आणि मग दाट दूध सोसत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. अंगावर पिणाऱ्या बाळाची सगळी पाजणी बाटलीवर नेण्याची गरज नसते. दिवसातून दोन-तीन वेळा असे उष्मांक वाढवलेले दूध देऊन बाकीच्या वेळी स्तनपान चालू ठेवता येते, किंवा अंगावर पाजून झाल्यावर थोडे वरून देता येते.

पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून किमान 70 अंश सेल्सिअस असतानाच त्यात पावडर मिसळावी, मग दूध कोमट करून पाजावे आणि बाळाने उष्टे केलेले दूध टाकून द्यावे. काढलेल्या आईच्या दुधाला असे तापवता येत नाही. म्हणून त्यात पावडर मिसळायची असेल तर हात आणि भांडी यांची स्वच्छता अधिक कसोशीने पाळावी, शक्यतो लागेल तेवढेच तयार करावे, उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि 24 तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये.

वरचा आहार

वरचे खाणे साधारण सहा महिन्यांच्या आसपास, बाळ मान सावरू लागले आणि आधाराने बसू लागले की सुरू करावे. चार महिन्यांच्या आधी ते सुरू करू नये. या टप्प्यावर एक गफलत सहज होते. चार मोठे चमचे पातळ भाजीच्या गरात जेमतेम 25 किलोकॅलरी असतात आणि बाळाचे पोट तेवढ्यावर भरते, म्हणजे त्याहून सकस दुधाची जागा कमी सकस अन्न घेते. त्याच गरात चहाचा एक चमचा तेल घातले की सुमारे 40 किलोकॅलरींची भर पडते आणि चवही सुधारते. म्हणून बाळासाठी जे जे शिजवाल, त्यात तेल किंवा लोणी घालायचे हा नियमच करून टाकावा. अन्न सैल करायला पाणी न वापरता आईचे किंवा फॉर्म्युला दूध वापरावे. अंड्याचा पूर्ण शिजवलेला बलक, अवोकाडो, साय न काढलेल्या दुधाचे दही, चीज, बारीक वाटलेले मांस आणि दुधात सैल केलेले शेंगदाण्याचे किंवा इतर सुकामेव्याचे मऊ लोणी, हे सगळे थोड्या घासांत पुष्कळ देतात. मांस आणि लोहयुक्त धान्याची पेज लवकर सुरू करावी, कारण या वयात लोह आणि जस्त कमी पडू लागते.

साखर घालून उष्मांक वाढवणे सोपे वाटते, पण स्निग्धता एका ग्रॅममागे 9 किलोकॅलरी देते आणि साखर 4. त्याशिवाय दात आणि गोडाची सवय यांचा प्रश्न उरतोच. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून घातक जिवाणू बाधा होऊ शकते. फळांचे रस देऊ नयेत. गाईचे दूध स्वयंपाकात थोडे वापरले तर चालते, पण पिण्याचे मुख्य दूध म्हणून ते वर्षानंतरच, आणि तेही साय न काढलेलेच द्यावे. अख्खे दाणे आणि कडक तुकडे घशात अडकतात, ते लहान मुलांना देऊच नयेत.

भरवताना

बाळाचे वजन हा घरात सतत चिंतेचा विषय झाला की भरवणे ही झटापट होऊ लागते. हे अगदी समजण्यासारखे आहे, आणि म्हणूनच ते वेळीच सांभाळावे लागते. बाळाने तोंड फिरवले, ओठ मिटले तर तो घास तिथे थांबवावा. जबरदस्तीने भरवलेले बाळ पुढे चमचा पाहूनच रडू लागते. थोडे थोडे आणि ठराविक वेळाने द्यावे, आणि वर्षाच्या पुढच्या मुलाचे जेवण साधारण 15 मिनिटांत आटोपावे. त्यानंतर खाल्ले जाणारे घास फार थोडे असतात आणि तणाव मात्र वाढतो. मूल खात असताना त्याच्याकडे लक्ष द्यावे, कौतुक करावे. खात नसताना मनधरणी करत बसू नये, कारण मग न खाण्यानेच जास्त लक्ष मिळते हे मुलाला फार लवकर कळते. छातीतला घट्ट कफ सोडवण्यासाठीचा व्यायाम पाजण्याच्या आधी करावा किंवा नंतर निदान एक तास जाऊ द्यावा, आणि त्यासाठी बाळाचे डोके खाली करू नये. तसे केल्याने प्यायलेले दूध वर येते.

वजनाची नोंद

वजन नेहमी एकाच काट्यावर, लंगोटाशिवाय आणि पाजण्याच्या आधी करावे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते आणि पुढे ती हळूहळू कमी होते. रोज वजन करू नये, दिवसागणिक होणारे चढउतार विनाकारण घाबरवतात. लहान बाळासाठी आठवड्यातून एकदा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर लांबीच्या मानाने वजन 50व्या शततमकाला (म्हणजे तेवढ्याच लांबीच्या शंभर बाळांतल्या मधल्या बाळाच्या वजनाला) किंवा त्याच्या वर असावे आणि ते दोन वर्षांचे होईपर्यंत गाठलेले असावे, हे उद्दिष्ट धरले जाते. वजनाच्या आकड्याशेजारी त्या आठवड्यातले दूध, एन्झाइमची मात्रा, मीठ आणि शीचे स्वरूप लिहून ठेवले, तर तपासणीच्या वेळी बिघाड कुठे आहे ते पटकन सापडते.

सर्दी-खोकल्यात भूक कमी होते आणि गरज वाढते. त्या दिवसांत कमी प्रमाणात पण वारंवार पाजावे, आणि बरे वाटू लागल्यावर गमावलेले वजन भरून काढायला आहारतज्ज्ञाची मदत घ्यावी. हिरवी उलटी, टणक फुगलेले पोट, शी थांबणे, खूप मलूलपणा किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

एवढे सगळे करूनही वजन वाढत नसेल तर इतर कारणे शोधावी लागतात: दूध वर येणे, अॅलर्जी, छातीत दडलेला संसर्ग. त्यानंतर नाकातून किंवा पोटावरील छिद्रातून नळीने दूध देण्याचा विचार होतो. पालकांना ही आपली हार वाटते, आणि तसे वाटण्याचे काहीच कारण नाही. नळी लागल्यावर बाळाला तोंडाने आनंदाने खाता येते, कारण प्रत्येक घासावरचे ओझे उतरलेले असते.

सीएफटीआर प्रथिनाचे काम सुधारणारी औषधे आता काही जनुकीय प्रकारांमध्ये फार लहान वयात देता येतात. अमेरिकेत 2023 पासून त्यांपैकी आयव्हाकाफ्टर या औषधाला एक महिन्याच्या बाळापासून मान्यता आहे. हे औषध स्निग्ध अन्नाबरोबर घ्यायचे असते. ते लागू पडलेल्या काही लहान मुलांमध्ये स्वादुपिंडाचे काम अंशतः सुधारते आणि वजन झपाट्याने वाढते, म्हणून अशा बाळाच्या शीतील इलास्टेज पुन्हा तपासावे आणि उष्मांक, मीठ व एन्झाइम यांची मांडणी नव्याने करून घ्यावी. तोपर्यंत एन्झाइम ठरल्याप्रमाणेच चालू ठेवावीत.